त्रेचाळीस नंबरचं दार

घरकुलाच्या यादीसाठी घरं बघायला माणसं आली होती, तेव्हा त्यांनी आमच्या दारावर ४३ हा आकडा काढला. लाल ऑइलपेंट होता आणि कुंचला बोथट. त्यामुळे चाराचं पोट भरून गेलं आणि तीनची शेपटी खाली ओघळली. काढणारा माणूस डबा बंद करता करता म्हणाला, "हा पुसू नका. परत तपासणी होईल तेव्हा साहेब हाच नंबर बघून फोटो काढणार. नंबर नाय तर घर नाय."

ते मी मनात धरून ठेवलं. पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. घर कारवीच्या कुडाचं, वर निम्मी कौलं आणि निम्मं प्लास्टिक. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात खाली बसते आणि भातकापणी झाली की मी ती परत उभी करते. सोळा वर्षं करते आहे. सिमेंटची भिंत असलेल्या घरातली बाई ते दिवस काय करत असेल, असं माझ्या मनात यायचं. म्हणून त्या आकड्याला मी जपायची. सारवताना चिखलाचा शिंतोडा दारावर उडाला तर लगेच पदरानं टिपायची. शेजारच्या घरात माझी थोरली जाऊ राहते, ती हसायची.

"देव पुसावा तसं दार पुसतेस गं. एक नारळ पण फोड त्याच्यापुढं."

मला पटकन बोलता येत नाही.

मॅडम पहिल्यांदा आली ती भात झोडायच्या दिवसांत. पँट, पायात बूट, हातात मोजायची टेप. ती शहरातून आली आहे आणि जव्हारला नाटक करणार आहे, असं माझा नवरा म्हणाला. नाटकाला टेप कशाला, ते मला कळेना. टेप घेऊन येणारं माणूस आमच्याकडं काही द्यायला आलेलं मी अजून बघितलेलं नाही. यंदा टेप आली की पुढच्या वर्षी तिथं खांब उभा राहतो, नाही तर तारेचं कुंपण.

तिनं घराची लांबी मोजली, रुंदी मोजली. चुलीपासून दारापर्यंत पावलं टाकली. चुलीमागच्या काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाचा वास घेतला. मी कणगीच्या आडून बघत होते. मग तिनं विचारलं, "मावशी, हे दार किती वर्षांचं असेल?"

माझ्या सासऱ्यांनी ते ऐनाच्या लाकडाचं स्वतः केलं होतं, त्यांच्या लग्नाच्या आधी. मी म्हणाले, "माहीत नाय." आणि मावशी कशाला म्हणायचं? तिच्या केसात पांढरे होते, माझ्या नव्हते.

दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं घराकडं बघितलंच नाही. दारासमोर उकिडवी बसली आणि आकड्याचे फोटो काढले. जवळून काढले, लांबून काढले, आकड्याशेजारी स्वतःचा हात ठेवून काढले. त्या दिवशी मला भाकर गेली नाही.

तिसऱ्यांदा आली तेव्हा मी मोखाड्याच्या बाजाराला गेले होते. मीठ, सुकट आणि मुलीला रिबीन घेऊन वर चढून आले, तर आमच्या घराला दुसरंच दार. पिवळं, प्लायवूडचं, वर चकाकणारी कडी. नवरा ते उघडत होता, लावत होता.

"बघ, आवाज नाय करत," तो म्हणाला.

"आपलं दार कुठाय?"

"जव्हारला गेलं. नाटकात."

"दार नाटक करणार?"

"अगं, मॅडमला जुनं पाहिजे होतं. बदल्यात हे दिलं. कडी तरी बघ."

"आन नंबर?"

कडीवरचा त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "नंबराचं काय, डोक्यात हाय की. त्रेचाळीस."

"साहेब तुझ्या डोक्याचा फोटो काढणार?"

एवढं मी नवऱ्याला पहिल्यांदाच बोलले असेन. आवाज ऐकून जाऊ आली. तिनं नव्या दारावर टकटक केलं, पोकळ वाजतं का बघितलं आणि म्हणाली, "आता साहेब येणार आन म्हणणार, एवढं झ्याक दार हाय, यांना घरकुल कशाला? आन तिकडं जव्हारच्या घरावर तुमचा नंबर. म्हणतील, यांचं एक घर जव्हारला हाय, दुसरं पोशेऱ्याला. मोठी माणसं तुम्ही!"

ती हे हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. तिचं म्हणणं मला खरंच होईल असं वाटलं, आणि मग ते डोक्यातून जाईना. कागदावर एकदा लागलं की ते चूक आहे हे कोण कुणाला सांगणार? निदान मी तरी सांगू शकले नसते.

चार दिवसांनी नवऱ्यानं बातमी आणली की मॅडमला सारवण जाणणाऱ्या बाया पाहिजेत. रस्त्याच्या कामाशिवाय मी परक्या माणसांत कधी गेले नव्हते. तरी म्हणाले, जाते. मजुरीला गेले असं सगळ्यांना वाटलं. मी दारासाठी गेले.

जव्हारला एक बंद पडलेली भातगिरणी आहे. बाहेरून नुसता गंजलेला पत्रा. आत गेले तर अंधार आणि त्या अंधारात पाच घरं उभी. छपराशिवायची. पुढून कारवीचा कूड आणि मागून बघितलं तर सगळ्या फळ्या, खिळे, टेकू. मधल्या घराला माझं दार होतं.

ते घर माझंच होतं. चूल तेवढ्याच अंतरावर, उजव्या हाताला फळी, फणी अडकवायचा खिळासुद्धा तिथंच. दारात चपला काढाव्यात की नाही, ते मला कळेना. काढल्या. मग बघितलं, कुणीच काढल्या नव्हत्या, सुतार बूट घालून चुलीवर उभा होता. परत घातल्या.

मॅडमनं आम्हां बायांना बसवून सांगितलं. या नाटकात बघणारी माणसं खुर्चीवर बसत नाहीत, फिरतात. फाटकात प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, चिठ्ठीवर घराचा नंबर असतो. आपला नंबर ज्या दारावर आहे ते दार शोधायचं, उघडायचं, आत जायचं. डबे उघडायचे, गोधडीखाली बघायचं, फळीवरचं काढून बघायचं. घरातली माणसं वीटभट्टीला गेली आहेत. ती कशी राहत होती, हे त्यांच्या सामानावरून ओळखायचं. मधूनच अंधारातून नट येतात, बोलतात, जातात.

एक बाई म्हणाली, "म्हणजे लोकांच्या घरात शिरून डबे हुंगायचे?"

"हो, अगदी तसंच!" मॅडम खूश झाली.

मी विचार करत होते की भट्टीवरून माणसं परत आल्यावर काय? ते नाटकात नव्हतं.

कामाला लागलो. निळ्या पिंपात शेण, माती आणि भाताचा कोंडा कालवलेला होता आणि त्यात पांढरा गोंद ओतायचे, प्लायवर माती धरत नाही म्हणून. त्या मातीचा वास आमच्या मातीसारखा नव्हता. मी दोन दिवसांत मधलं घर सारवून काढलं, चांगलं गुळगुळीत. मॅडम आली, लांब उभी राहिली, जवळ आली.

"मावशी, फारच सुंदर झालंय. पण इतकं सुंदर नकोय. भेगा पाहिजेत."

भेगा कुणी मागितलेल्या मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या घरात भेग दिसली की मी हातातलं काम टाकून शेण कालवते. तिनं मोठे दिवे आणून ओल्या भिंतीसमोर लावले. दुपारपर्यंत भिंत तडकली. मॅडमनं टाळी वाजवली.

तिथं सगळं असंच उलटं होतं. बाजारातून आणलेली नवी पातेली दगडानं ठेचायची, काजळी तेलात कालवून त्यांच्या बुडाला चोळायची. नवी गोधडी चहाच्या पाण्यात बुडवायची. माणसाचा हात जिथं रोज लागतो तिथं तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे कडीभोवती, फळीच्या कडेला. एका घराच्या दारावर आकडा नव्हता, तर तो मॅडमनं माझ्यासमोर काढला. आधी लाल रंग, तो वाळला की पॉलिश पेपरनं कडा घासल्या, मग चहाचं पाणी, मग राखेची चिमूट अंगठ्यानं दाबली, शेवटी रॉकेलचं फडकं अगदी हलकं. तासाभरात तो आकडा पाचसहा पावसाळे बघितल्यासारखा दिसायला लागला.

"कळतंय का मावशी? खालचं लाकूड थोडं दिसलं पाहिजे. जुना रंग सगळीकडून सारखा जात नाही."

मी मान हलवली. मनात आलं, ही बाई कुणाचंही घर कुणाच्याही नंबरावर चढवू शकते.

घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं की नव्याला जुनं करतात, खोटं करतात. तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मंग आपण काय करतो? मागच्या तपासणीला तुझ्या जावेचा टीव्ही कुठं होता?"

टीव्ही गवताच्या गंजीत होता. पाड्यातल्या पाच लाल खुर्च्या करवंदीच्या जाळीत होत्या. एकानं छपरावरचा नवा पत्रा काढून तिथं पेंढा टाकला होता, आणि साहेब जाईपर्यंत त्याची बायको देवाला हात जोडून बसली होती. आमच्या घरात मात्र लपवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तरी नव्हतं. आता पिवळं दार होतं.

एक गोष्ट मात्र मॅडमची मी मनापासून बघायची. घर तयार झालं की ती दारातून आत यायची, थांबायची आणि एखादं मडकं वीतभर सरकवायची. परत बाहेर जायची, परत यायची. एकदा मला सोबत आत आणलं आणि विचारलं, "आधी काय दिसलं?"

"मडकं."

"का?"

तिनं वर बोट केलं. वरून एका दिव्याचा बारीक झोत मडक्यावर पडला होता. "माणूस आत आला की आधी उजेड बघतो आणि उजेडात ठेवलेलं बघतो. बाकीचं त्याच्या समोर असूनही त्याला दिसत नाही." मला वाटलं, म्हणजे मला काय दिसत नाही, हे पण तिनंच ठरवलं असणार.

नाटक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुतार म्हणाला, उद्या पहिल्या खेळाला तालुक्याचे साहेब पाहुणे येणार. कोणते, म्हणून एका बाईनं विचारलं. घरकुलाचं काम ज्यांच्याकडं आहे ते.

साहेब येणार, दारावर ४३ बघणार, मोबाईल काढणार. जाऊ हसत बोलली होती तेच. दुपारी सगळे बाहेर वडे खायला गेले, तेव्हा मी पिंपातून दोन मुठी माती घेतली आणि आकड्यावर लिंपली. वरून बोटं फिरवून कडा मोडल्या, सारवताना उडाल्यासारखी दिसावी म्हणून. घाई इतकी होती की त्या मातीत काय घातलेलं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला माणसं आली, पाच घरांना पाचच. आम्हां बायांना कोपऱ्यात अंधारात उभं केलं होतं. लोकांनी काढलेलं सामान परत जागेवर ठेवायचं, बोलायचं नाही, असं काम. बोलायचं नाही हे मला बरं होतं. मी मधल्या घराच्या आडोशाला होते. साहेब आत आले. गोरे, पोट सुटलेले, कपाळावर टिळा. त्यांनी चिठ्ठी दिव्याखाली धरली आणि मला ती लांबूनच वाचता आली. पाच चिठ्ठ्यांतली माझीच चिठ्ठी त्यांच्या हातात होती. हे मॅडमनं मुद्दाम केलं, यात मला शंका उरली नाही.

साहेब पहिल्या घरापाशी गेले, दुसऱ्या घरापाशी गेले. माझ्या दारासमोर उभे राहिले, वरखाली बघितलं, पुढं गेले. शेवटच्या घरापर्यंत जाऊन परत आले. बाकीचे लोक आपापल्या घरात शिरून डबे उघडत होते, आतून हसण्याचा आवाज येत होता. म्हातारीचं काम करणारी नटी काठी टेकत त्यांच्या बाजूनं गेली.

"ओ आजी, त्रेचाळीस कुठाय?"

"शोधा, बाबा," ती नाटकातल्याच आवाजात म्हणाली. "समद्यांचं घर लगेच गावत नाय."

साहेबांनी आणखी एक फेरी मारली. घाम पुसला. माझ्या दारावरच्या मातीला बोट लावून बघितलं. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि नेमके माझ्याकडं वळले.

"बाई, तुम्ही इथल्याच ना? माझं घर कुठाय?"

मी मान हलवली.

"मान काय हलवता? नंबर आहे माझ्याकडं. नंबर असून घर कसं नाही?"

जवळच्या घरातून नाटक बघायला आलेली एक बाई डोकं बाहेर काढून म्हणाली, "साहेब, यादीत नाव नसेल! उद्या या!"

सगळे हसले. साहेबही हसले, पण कान लाल झाले. चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात कोंबली. "घ्या. तुम्हीच राहा त्या घरात." आणि बाहेर चहाला गेले.

चिठ्ठी मी कमरेला खोचली. घरी जाऊन बघितली तर तीवरचा आकडा छापलेला नव्हता, हातानं काढलेला होता. भरलेल्या पोटाचा चार, ओघळलेल्या शेपटीचा तीन. मॅडमनं आमच्या दारावरचा आकडा होता तसा उतरवला होता. ती चिठ्ठी मी नाचणीच्या डब्यात ठेवली. का ठेवली, ते तेव्हा ठरलेलं नव्हतं.

पण त्याआधी, खेळ संपल्यावर, मॅडमनं दारावर दिवा धरला आणि आम्हां सगळ्यांना बोलावलं.

"हे कोणी केलं?"

तिनं मातीचा तो डाग बघितला, मग बाजूची भिंत बघितली, मग परत डाग. प्रत्येक बाईचा हात वेगळा फिरतो. माझी बोटं डावीकडून वर जाऊन खाली वळतात. भिंतीवर तसंच होतं आणि डागावरही.

"मावशी, तुम्ही?"

बाकीच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी जमिनीकडं.

"अहो, पाहुण्यांना सगळ्यात चांगलं घर मिळावं म्हणून मी स्वतः त्यांना ती चिठ्ठी दिली होती. का केलंत असं?"

"दार आमचं हाय."

"हो, पण बदल्यात मी नवीन..."

"त्याच्यावर घरकुलाचा नंबर हाय. तपासणीला तो लागतो."

तिनं दिवा खाली घेतला. मग म्हणाली, "मग मला सांगायचं ना. निदान विचारायचं."

"तुम्ही मला विचारलं होतं, दार नेताना?"

"तुमच्या मिस्टरांना विचारलं. त्यांनी सही केली."

"भिंत पडली की उभी कोण करतं, ते विचारलं होतं का?"

मॅडम उंबऱ्यावर बसली. तो उंबरा पण थर्माकोलचा होता, तिच्या वजनानं कचकन दबला. एक बाई फिसकन हसली आणि तिनंच तोंडावर हात घेतला.

"माती राहू दे आता," मॅडम म्हणाली. "आणखी चार खेळ आहेत. मग सगळं ट्रकनं मुंबईला जाणार..."

"दार जाणार नाय."

"बरं. नाही जाणार."

इतक्या लवकर 'बरं' म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. उरलेल्या खेळांसाठी तिनं दाराच्या बाजूला कुडावर दुसरा ४३ काढला, चहाच्या पाण्यानं जुना केला. शेवटच्या दिवशी मी सकाळपासून दारापाशी बसले. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. ट्रक लागला, घरं फळ्याफळ्यांनी सुटायला लागली. मॅडम आली, स्वतःच्या हातानं बिजागरीचे स्क्रू काढले आणि दार जीपच्या टपावर बांधून दिलं.

"नवीन दार पण ठेवा तुम्ही," ती म्हणाली.

तेही मला बरं वाटलं नाही. फुकट कशाला? आणि दुसरा ४३ कुडावर बसून मुंबईला गेला, त्याचं पुढं काय झालं कोण जाणे. जावेचं जातं मॅडमनं खेळापुरतं नेलं होतं. तेही ट्रकमधून गेलं. चुकून गेलं, असं फोनवर सांगितलं. अजून आलेलं नाही. जाऊ शेजारणीकडं दळायला जाते आणि जाताना दर वेळी माझ्या दाराकडं बघते.

दार घरी आलं तरी मी माती काढली नाही. माती आहे तोवर आकडा झाकलेला आहे, कुणाच्या डोळ्यात येणार नाही, असं वाटायचं. नवऱ्यानं दोनदा म्हटलं, मी उद्या म्हटलं. तपासणीचा निरोप आला तो होळीनंतर, कडक उन्हात, एक दिवस आधी.

विहीर खाली ओढ्यात आहे आणि त्या दिवसांत एक हंडा भरायला अर्धी सकाळ जाते. मी दोन हंडे आणले आणि एक पूर्ण दारावर घातला. माती निघाली नाही. हातानं चोळली, फडक्यानं घासली. वरचा पापुद्रा गेला, खालचा तसाच, दगडासारखा. तेव्हा मला ते निळं पिंप आठवलं आणि त्यात ओतलेला पांढरा गोंद.

दुसऱ्या हंड्यातलं पाणी गरम केलं. बांबूची कामटी तासून तिनं कडेकडेनं खरवडायला लागले. चार निघाला. पोट भरलेलं, जसाच्या तसा. मला हायसं वाटलं आणि मी जरा जोर लावला. मातीचा मोठा खपला सुटला आणि त्याच्या मागच्या बाजूला लाल रंग चिकटून आला. तीनचं डोकं दारावर राहिलं होतं. खालचा अर्धा भाग आणि शेपटी माझ्या हातात होती.

नवरा बघत होता. "झालं," तो म्हणाला. "आता चार नंबरचं घर आपलं."

मी त्याच्यावर ओरडले नाही. त्यानं नेलं होतं, पण लिंपलं मी होतं. खपला हातात धरून बसले. मग उठले आणि नाचणीच्या डब्यातून चिठ्ठी काढली.

जावेकडं बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग होता. तिनं डबा दिला. कशाला, विचारलं नाही. दाराशी येऊन बसली मात्र.

चिठ्ठी दारावर धरून मी आधी कोळशानं रेघ मारली. काडीला चिंधी बांधून बोथट कुंचला केला, चांगला कुंचला चालला नसता. रंग भरला, शेपटी ओघळू दिली. उन्हात तो लवकर वाळला, पण लालभडक दिसत होता, शेजारचा चार त्याच्यापुढं मेलेला. मग कडा घासल्या. आमच्याकडं पॉलिश पेपर कुठला, खरखरीत दगड घेतला. चहा उकळला आणि पाण्यासारखा पातळ करून लावला. राखेची चिमूट अंगठ्यानं दाबली. रॉकेलचं फडकं अगदी हलकं. लांब गेले, बघितलं, परत आले, परत राख.

"हे खोटं नाय का गं?" नवरा म्हणाला.

"नंबर आपलाच हाय."

"आन रंग?"

जाऊ म्हणाली, "रंग बैलाचा हाय. बैल खोटं बोलत नाय." आणि आमच्यात तेवढी एकच जण हसली.

पिवळं दार तिच्या गवताच्या गंजीत गेलं, टीव्हीच्या शेजारी. जुनं दार आम्ही जागेवर बसवलं. सकाळी साहेब यायच्या आधी मी घरात आत-बाहेर केलं. आमच्या प्लास्टिकला पश्चिमेकडं एक भोक आहे, त्यातून दहाच्या सुमाराला उन्हाचा कवडसा पडतो. मी गळतीचं पाणी धरायला भोकाखाली बारा महिने ठेवलेलं पातेलं उचलून वीतभर पुढं ठेवलं, बसलेल्या भिंतीच्या बुडाशी, कवडशात. दारातून आत आले. आधी पातेलं दिसलं, मग भिंत.

भिंत खरीच बसलेली होती, जव्हारच्या कामात यंदा ती उभी करायची राहून गेली होती. मी फक्त पातेलं सरकवलं होतं.

साहेब आले, जव्हारला आले होते तेच. आत वाकून शिरले आणि सरळ पातेल्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "अरेरे," म्हणाले आणि तिचा फोटो काढला. मग बाहेर येऊन दारासमोर उभे राहिले. त्यांच्यासोबतच्या माणसानं वहीत बघून आकडा वाचला. साहेबांनी हात पुढं केला आणि अंगठा नेमका तीनच्या शेपटीवरून फिरवला. अंगठा वळवून बघितला. त्यावर काही आलं नव्हतं.

"त्रेचाळीस. हा नंबर मी कुठंतरी पाहिलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी अंधार होता आणि मी पदर पुढं ओढलेला होता. आजही ओढलेला होता. मला वाटलं, ओळखलं. सगळं ओळखलं, मातीसुद्धा.

जाऊ पुढं आली. "पाहिलं असणारच, साहेब. तुमच्याच माणसांनी काढलाय. मागल्या खेपेला."

साहेब हं म्हणाले. पण नजर दारावरच होती. मग मोबाईल काढला. "बाई, दाराशी उभ्या राहा. जरा बाजूला. नंबर दिसू द्या."

मी बाजूला झाले. फोटो निघाला.

यादी अजून लागलेली नाही. साहेब खरंच विसरले की वहीत काही लिहून गेले, मला माहीत नाही. तो सोबतचा माणूस जाताना एकदा मागं वळून का बघत होता, हेही माहीत नाही. मुलीच्या वहीची पानं उरली होती, त्यात हे लिहून ठेवते आहे, कारण कुणी विचारलं तर मला तोंडानं नीट सांगता येणार नाही.

आता मी दार पुसत नाही. सकाळी केर काढायला बाहेर आले की आधी तिकडंच बघते. ऊन तिरपं असतं तेव्हा तीनचा खालचा भाग चारापेक्षा जरा जास्त लाल दिसतो. नवऱ्याला दिसत नाही, जावेला दिसत नाही. मी मुठीत थोडी राख घेऊनच बाहेर येते.